मटारनगरीत नवउद्योगांना हवे पहिले भांडवल

जबलपूर : हिवाळ्यात जबलपूरची बाजारपेठ हिरव्या मटाराने भरून जाते. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत जिल्ह्यासाठी मटाराचीच निवड झाली आहे. मात्र आवक एकदम वाढली की भाव कोसळतो आणि ताज्या शेंगा फार काळ टिकत नाहीत. मटार गोठवणे, सुकवणे, त्याची प्रतवारी करणे यांत तरुण उद्योजकांना वाव आहे. अडते ते पहिल्या भांडवलापाशी. बँक तारण मागते. नुकतीच पदवी घेतलेल्या तरुणाकडे ते बहुधा नसते.

त्यासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून कृषी स्टार्टअपना पाठबळ देणारी केंद्रे उभारली. त्यांपैकी एक येथील जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयात आहे. या योजनेत प्रशिक्षण काळात दोन महिने दरमहा 10 हजार रुपये विद्यावेतन, कल्पना साकारण्यासाठी 5 लाखांपर्यंत आणि पुढील टप्प्यावर 25 लाखांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. उद्योजकालाही काही वाटा उचलावा लागतो. ही अट रास्तच आहे.

दुसरा मार्ग 2021 मध्ये सुरू झालेल्या, 945 कोटी रुपयांच्या 'स्टार्टअप इंडिया बीज निधी' योजनेचा. तिच्यात प्राथमिक चाचणीसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी, असा नियम आहे. सॉफ्टवेअर कंपनीला ही मुदत पुरेशी ठरू शकते. मटारावर प्रक्रिया करणाऱ्याला मात्र तेवढ्या काळात दोनच हंगाम मिळतात. पहिल्या हंगामात यंत्र बिघडले, तर उरतो एकच.