दृष्टिहीन मुलांना स्वतः लिनक्स टाकता येतं का?



दृष्टिहीन मुलं संगणक वापरतात, हे आता नवीन नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. पण हा वाचक ऑपरेटिंग सिस्टीम चालू झाल्यावरच बोलतो. मग सिस्टीमच नव्याने टाकायची असेल तर? संगणक उचलायचा, परांड्याच्या किंवा कळंबच्या दुकानात न्यायचा आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबायचं.

डेबियन या मोफत लिनक्सने यावर मार्ग काढला. 2013 साली आलेल्या डेबियन 7 पासून त्याचा इन्स्टॉलर स्वतःच बोलतो.

कृती अशी आहे:

1. डेबियनचा पेनड्राइव्ह लावून संगणक चालू करा. मेनू तयार झाला की बीप वाजते. जुन्या बायोसच्या संगणकावर एकदा, नव्या यूईएफआयवर दोनदा.
2. 'एस' दाबून एन्टर करा. आवाज सुरू होतो. साउंड कार्ड एकापेक्षा जास्त असतील, तर ज्यातून आवाज ऐकू येईल तिथे एन्टर दाबायचं.
3. पर्यायांना क्रमांक असतात. क्रमांक टाइप करा आणि एन्टर दाबा. माउस लागत नाही.
4. बोलणं संथ वाटलं तर कॅप्स लॉक आणि 6, हळू हवं असेल तर कॅप्स लॉक आणि 5.

आवाजाची ही सोय नव्या सिस्टीममध्येही आपोआप बसते. पुढे नोम डेस्कटॉपवर ऑर्का हा स्क्रीन रीडर ऑल्ट, सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण) आणि एस एकत्र दाबून चालू होतो.

दोन गोष्टी जपा. पेनड्राइव्हवरून सुरू होण्याचं सेटिंग बायोसमध्ये असतं, आणि बायोस सहसा बोलत नाही. तेवढं एकदा डोळस माणसाकडून करून घ्यावं. दुसरं, डिस्कचे भाग पाडताना जुनी माहिती पुसली जाऊ शकते. म्हणून आधी कॉपी काढा. डिस्कवर बदल लिहू का, असं इन्स्टॉलर विचारतो. तो प्रश्न नीट ऐकूनच उत्तर द्यायचं.

हे आपल्याकडे कोण करणार, असं वाटेल. मुंबईचे कृष्णकांत माने दृष्टिहीन आहेत आणि जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर घडवण्यात त्यांचा पुढाकार होता.

शाळेत सुरुवात कीबोर्डपासून करा. एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे बोटांना ओळखू द्या. मग एखाद्या जुन्या, रिकाम्या संगणकावर सराव घ्या. मूल अडलं तर प्रश्न पुन्हा ऐकायला सांगा, बटण मात्र त्यालाच दाबू द्या.