मैदानातला मास्तर
लेखमाला : मैदानामागची माणसं – लेख सातवा

गेल्या आठवड्यात आपण पंचांचं काम पाहिलं. या वेळी प्रशिक्षक, आणि त्यातही कॉलेजचा प्रशिक्षक. खेळ शिकवणं ही आयुष्यभराची नोकरी होऊ शकते का आणि ती कशाच्या बळावर टिकते, हा आजचा प्रश्न. त्याचं एक उत्तर शिकागोत सापडतं आणि दुसरं आपल्या अमरावतीत.

शिकागोचे स्टॅग

अमेरिकन फुटबॉल हा लंबगोल चेंडूचा, अकरा-अकरा जणांचा, अंगावर धावून जाण्याचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे जातो. हा खेळ वाढला तो कॉलेजांत. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना 1869 साली रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. सुरुवातीच्या काळात बहुतेक ठिकाणी एखादा जुना खेळाडू हंगामापुरता यायचा, पोरांना चार डाव शिकवायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा.

1892 मध्ये नव्यानं सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठानं ही रीत मोडली. आमोस अलोंझो स्टॅग यांना त्यांनी शारीरिक शिक्षण विभाग सोपवला आणि प्राध्यापकांच्या बरोबरीनं कायम नेमणूक दिली. एखादा हंगाम वाईट गेला म्हणून घरी बसायची भीती उरली नाही. स्टॅग तिथे 1932 पर्यंत राहिले. सत्तरी गाठल्यावर विद्यापीठानं वयाच्या नियमानं निवृत्त केलं, तर ते कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक कॉलेजात गेले आणि 1943 साली, 81 व्या वर्षी, वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पुढे 102 वर्षं जगले.

स्टॅग यांचं शिक्षण झालं होतं स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत, जिथे 1891 साली बास्केटबॉल जन्माला आला. याच संस्थेतून तयार झालेले हॅरी क्रो बक भारतात आले आणि 1920 मध्ये त्यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज उभारलं. 1924 च्या पॅरिस ऑलिम्पिकला भारतीय संघासोबत तेच गेले होते. व्यायाम शिकवणारा माणूस आधी स्वतः रीतसर शिकलेला असावा, हा विचार असा आपल्याकडे पोचला.

वैद्य बंधूंची अमरावती

वऱ्हाडात मात्र हे काम त्याआधीच सुरू झालं होतं. वैद्य बंधूंनी 1914 साली अमरावतीत ज्या आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली, तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. तरुणांची शरीरं कमवावीत आणि त्यातून देश उभा राहावा, ही त्यामागची तळमळ होती. मंडळाचं खरं मोठेपण मला दिसतं ते त्याच्या उन्हाळी वर्गांत. सुट्टीत शाळामास्तर यायचे, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, आसनं शिकायचे आणि जूनमध्ये आपापल्या गावी जाऊन शेकडो मुलांना शिकवायचे. एका आखाड्यानं अनेक गावांत आखाडे उभे केले ते असे.

मल्लखांबाचंच पाहा. सलामी झाली की पहिली शिकायची ती अढी. हातांनी खांब धरायचा, कंबर वर फेकायची, डोकं खाली आणि दोन्ही पायांची खांबाला घट्ट मिठी. पाहणाऱ्याला मुलाचे पाय दिसतात. उस्तादाची नजर असते कमरेवर, कारण कंबर अर्धवट उचलली तर मांड्यांची पकड बसत नाही आणि मूल मानेवर येतं. म्हणून त्याचा एक हात कायम मुलाच्या पाठीखाली असतो. हा हात कधी काढून घ्यायचा, हे कळणं म्हणजे प्रशिक्षण. पुस्तकातून ते येत नाही. कोणाच्या तरी हाताखाली वर्षं काढावी लागतात.

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. 1967 मध्ये मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं. उस्तादाला पदवी मिळाली आणि पदवीबरोबर नोकरीचा रस्ता.

आजचा रस्ता

तो रस्ता आज असा आहे. पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, मग दोन वर्षांचं एमपीएड. एका खेळात खोलवर जायचं तर 1961 मध्ये स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका. कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर नेट, सेट किंवा पीएचडी लागते. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत धावण्याची चाचणी आहे: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवारानं 12 मिनिटांत 1800 मीटर, तर महिला उमेदवारानं 8 मिनिटांत 1000 मीटर अंतर कापायचं.

नेमणूक झाली की एकाच माणसावर सगळे खेळ येतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अकोल्याला असली की अमरावतीचे सर खेळाडूंचे पात्रता अर्ज, दहावीच्या गुणपत्रिका आणि ओळखपत्रं फायलीत घालून पहाटेची एसटी धरतात. एक कागद कमी पडला तर वर्षभर घाम गाळलेला मुलगा मैदानाबाहेर बसतो. त्यांच्यातलाच एखादा विद्यापीठाच्या संघात निवडला जातो, आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून ‘कलर होल्डर’ होतो, आणि शेतकऱ्याच्या त्या घरातून पहिल्यांदा कोणी दक्षिणेत नाहीतर पंजाबात जाऊन आलेलं असतं. पोलीस भरतीत किंवा क्रीडा कोट्यात तो लागतो, तेव्हा त्यात या सरांचा वाटा असतो.

निकाल की शिकवण?

अमेरिका पुढे स्टॅग यांच्या वाटेवरून दूर गेली. निक सेबन यांनी 1973 मध्ये केंट स्टेटमध्ये शिकाऊ सहायक म्हणून सुरुवात केली, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं आणि पुढे एलएसयू व अलाबामा या विद्यापीठांना मिळून सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांचा पगार वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर होता. त्यांची मेहनत निर्विवाद आहे. पण त्या बाजारात दोन-तीन हंगाम हरलेल्या प्रशिक्षकाला करार मोडून, भरपाई देऊन निरोप दिला जातो. तिथे शिकवण्यापेक्षा निकाल मोठा झाला आहे.

आपल्याकडचं दुखणं उलट आहे. इथे पैसा नाही आणि पदही नाही. अनेक महाविद्यालयांत संचालकाची जागा रिकामी आहे, नाहीतर तासिका तत्त्वावर भरलेली आहे. जून ते मार्च इतक्याच नोकरीत कोणी कोणाला घडवू शकत नाही. अठराव्या वर्षी आलेल्या मुलाला तीन वर्षं रोज पाहणारा, त्याची दुखापत, घरची अडचण, परीक्षेची तारीख ठाऊक असणारा माणूस हवा. शिकागोनं 1892 मध्ये आणि मंडळानं आपल्या उन्हाळी वर्गांतून एकच गोष्ट ओळखली होती: प्रशिक्षक हा शिक्षक आहे आणि शिक्षकाला स्थैर्य लागतं. वऱ्हाडानं हा धडा देशाला फार लवकर दिला होता. म्हणून कॉलेजच्या पालक सभेत आणि विद्यापीठाच्या अधिसभेत आता एक प्रश्न विचारला गेलाच पाहिजे: आमच्या मैदानावरची कायम जागा कधी भरणार?

(पुढील आठवड्यात : क्रीडा प्रबोधिनीतलं निवासी प्रशिक्षण)