रुग्णशय्येपाशी प्रीतीची लहान कामे

या अहवालाच्या इतर पानांवर वर्षभरातील रुग्णसंख्या, शस्त्रक्रिया, देणग्या आणि जमाखर्च यांचे तपशील वाचकांना पाहावयास मिळतील. ते आवश्यकच आहेत. विश्वस्त संस्थेने पै-पैचा हिशेब समाजापुढे ठेवलाच पाहिजे. परंतु रुग्णालयात रोज असे पुष्कळ काही घडते की ज्याला कोणत्याच कोष्टकात रकाना नसतो. तहानलेल्याला वेळेवर दिलेले पाणी, घाबरलेल्या मातेला दोन मिनिटे थांबून सांगितलेला धीराचा शब्द, हाक मारताना खाटेच्या क्रमांकाऐवजी घेतलेले नाव, या गोष्टी नोंदवहीत येत नाहीत. ख्रिस्ती परंपरेत जिला ‘प्रीती’ म्हणतात, ती मात्र बहुतांशी अशाच कृतींतून प्रकट होत आली आहे. तिचा अर्थ काय आणि रुग्णसेवेत तिचे मोल किती, याविषयी थोडे विवेचन येथे करीत आहे.

आरंभी स्वतःची एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका रुग्णालयात काम करीत होतो. तेथे क्षयरोगाचे औषध घेण्यासाठी एक शेतमजूर येत असे. एके दिवशी एस. टी. चुकल्यामुळे त्याला उशीर झाला. औषधाच्या खिडकीवर त्याला सर्वांसमक्ष खडसावण्यात आले. मी शेजारीच उभा होतो. सर्व ऐकले, आणि घाईत असल्यामुळे काही न बोलता पुढे गेलो. तो मनुष्य पुन्हा आला नाही. दोन महिन्यांच्या औषधाने खोकला कमी झाला होता, अंगात थोडी शक्ती आली होती. त्यामुळे आपण बरे झालो असे त्याला वाटले असावे. काही महिन्यांनी त्याच्या भावाने त्याला उचलून आणले, तेव्हा थुंकीतून रक्त पडत होते. औषध का सोडले, असे विचारता तो एवढेच म्हणाला, “त्या खिडकीवर पुन्हा जायची लाज वाटली.”

क्षयरोगाचे नेहमीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. प्रकृती सुधारल्यासारखी वाटली तरी शरीरात काही जंतू शिल्लक असतात. औषध मध्येच थांबले तर रोग उलटतो, घरातील इतरांना संसर्ग होतो, आणि पुढे त्याच औषधांना जंतू दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. म्हणजे त्या दिवशी खिडकीवर जे बोलले गेले, ते केवळ उद्धट नव्हते. ते उपचाराच्या आड आले होते. सौजन्य ही औषधोपचारानंतरची शोभा आहे, असा माझा जो समज होता, तो त्या दिवसापासून सुटला.

‘प्रीती’ या शब्दाचा अर्थ

नव्या करारात प्रीतीसाठी ‘अगापे’ हा ग्रीक शब्द वारंवार आला आहे. मनाला सुखावणारी ओढ किंवा आवडत्या माणसाविषयीचा जिव्हाळा एवढाच त्याचा आशय नाही. समोरच्याचे भले व्हावे म्हणून केलेला निश्चय, आणि त्या निश्चयाप्रमाणे केलेली कृती, असा त्याचा रोख आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे वर्णन करताना प्रथम सहनशीलता आणि दयाळूपणा यांचा उल्लेख केला आहे. हे दोन्ही गुण माणसामाणसांतील रोजच्या व्यवहारात कसाला लागतात.

या अर्थाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारी वाट डोंगराळ, निर्जन आणि एक हजार मीटरहून अधिक उतरणीची होती. त्या वाटेवर लुटारूंनी एका वाटसरूला मारहाण करून अर्धमेला टाकले. एक याजक आला व बाजूने निघून गेला. मागून आलेल्या लेव्यानेही तेच केले. नंतर आलेला शोमरोनी मात्र थांबला. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात त्या काळी मोठे वैर होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या थांबण्याचे महत्त्व कळते.

त्याने काय केले, हे येशूने क्रमाने सांगितले आहे. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि त्याची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी निघताना उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे सांगितले. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. या सबंध वृत्तान्तात चमत्कार कोठेही नाही. प्रथमोपचार आहे, वाहनाची सोय आहे, मुक्काम आहे, खर्चाची तरतूद आहे आणि पुन्हा चौकशी करण्याचे वचन आहे. आज आपण ज्याला पाठपुरावा म्हणतो, तोही त्यात आला. कोणत्याही सामान्य मनुष्याला जमेल असेच हे सर्व आहे. म्हणूनच ‘तूही जाऊन तसेच कर’ या आशयाने त्या गोष्टीचा शेवट होतो.

रुग्णसेवेची परंपरा

या शिकवणुकीला संस्थेचे रूप फार लवकर आले. इ. स. 369 च्या सुमारास कप्पदुकियात दुष्काळ पडला असता कैसरियाच्या बासिल यांनी भुकेल्यांसाठी अन्नछत्र उघडले. पुढे त्याच नगराबाहेर आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक मोठी वसाहत उभी राहिली. रोममध्ये फॅबिओला या संपन्न स्त्रीने चौथ्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय काढले आणि श्रीमंतीतील संकोच बाजूला ठेवून रुग्णांच्या जखमा स्वतः धुतल्या.

आपल्या महाराष्ट्रालाही ही परंपरा परकी नाही. सर विल्यम वॉनलेस हे 1889 साली भारतात आले व 1894 साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शल्यचिकित्सक म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली आणि मिरज हे वैद्यकीय सेवेचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात शेकडो निराधार मुली व स्त्रिया केडगावी आणल्या. त्यांना अन्नवस्त्र दिलेच, शिवाय अक्षरओळख आणि हाताला काम दिले. ज्यांना समाजाने ओझे मानले होते, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता आले.

तमिळनाडूतील वेल्लोर येथे 1946 पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांचे उदाहरण वैद्यकीय दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. त्यामुळे त्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करण्याचा विचार फारसा कोणी करीत नसे. डॉ. ब्रँड यांनी ते हात आपल्या हातांत घेऊन तपासले. वाकलेल्या बोटांच्या मागचे कित्येक स्नायू अजून सबळ आहेत, आणि पुष्कळशी हानी संवेदना गेल्यामुळे होणाऱ्या भाजण्या-कापण्यातून होते, हे त्यांच्या ध्यानी आले. चांगल्या स्नायूंचे स्नायुबंध वळवून बसवल्यास बोटे पुन्हा उघडतात, मिटतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला हात लावला, म्हणून हे ज्ञान मिळाले. येशूने कुष्ठरोग्याला बरे करताना त्याला स्पर्श केल्याचा उल्लेख मार्कच्या शुभवर्तमानात आहे. केवळ शब्द पुरेसा असताना हात पुढे करण्याचे कारण काय असावे, हे या उदाहरणावरून उमजते.

रोग बरा होणारच नसेल तेव्हाही सेवा संपत नाही, हा विचार लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह स्थापून रुजवला. मुंबईत वांद्रे येथे 1986 साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातील अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह होय. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची वेदना कमी करणे, त्यांचे तोंड ओले ठेवणे, त्यांच्यापाशी बसणे, ही कामे तेथे गौण मानली जात नाहीत.

आपल्या कक्षात काय करता येईल?

वरील नावे मोठी आहेत. परंतु त्यांचे काम ज्या कृतींतून घडले, त्या आपल्या आवाक्याबाहेरच्या नाहीत. केसपेपर काढणाऱ्या लिपिकाने निरक्षर माणसाला पुढची खोली बोटाने न दाखवता तेथवर पोहोचवून द्यावे. डॉक्टरांनी शक्य तेव्हा खाटेशेजारी बसून बोलावे आणि रुग्णाला त्याच्याच भाषेत आजार समजावून सांगावा. पडद्याची दोरी ओढल्यावाचून कोणाचेही कपडे बाजूला करू नयेत. उठता न येणाऱ्या रुग्णाची कूस नियमाने बदलावी. साधारण दर दोन तासांनी केलेल्या या साध्या कामाने शय्याव्रण टळू शकतो. भांडे देणाऱ्या, लादी पुसणाऱ्या मावशींनी आणि वॉर्डबॉयने विचारलेले “जेवलात का?” हे दोन शब्द कित्येकदा दिवसभरातले सर्वांत मोठे औषध ठरतात. रात्री व्हरांड्यात अंथरूण टाकून झोपलेले नातेवाईक हेही आपले पाहुणेच आहेत, हे पहारेकऱ्याने विसरू नये.

येथे तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. पहिली ही की, गोड बोलणे हे कौशल्याला पर्याय होऊ शकत नाही. शोमरोन्याने नुसते सांत्वन केले नाही, जखम बांधली. हात न धुता धरलेला प्रेमळ हात रुग्णाला अपायच करील. दुसरी गोष्ट, दयेची किंमत मागायची नसते. शोमरोन्याने जखमीची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही आणि आपल्या धर्मात येण्याची अट घातली नाही. आजारी मनुष्य दुर्बल असतो. त्याच्या दुर्बलतेचा कोणत्याही कारणासाठी लाभ घेणे हे प्रीतीच्या अर्थाशी विसंगत आहे. तिसरी गोष्ट, सेवा करणारेही थकतात. सलग रात्रपाळ्या केलेल्या परिचारिकेकडून अखंड हसतमुखाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शोमरोन्यानेही जखमीला रखवालदाराच्या स्वाधीन केले आणि तो आपल्या कामाला गेला. भार वाटून घेणे आणि आपल्या सहकाऱ्याला वेळेवर विश्रांती देणे, हाही त्याच प्रीतीचा भाग आहे.

तो शेतमजूर पुढे बरा झाला. त्यासाठी त्याला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक काळ औषधे घ्यावी लागली आणि तेवढ्या हंगामांची मजुरी बुडाली. त्या सबंध काळात दर खेपेस मी खिडकीपाशी जाऊन त्याला नावाने हाक मारीत असे. माझ्या हातून राहून गेलेल्या एका वाक्याची ती उशिरा केलेली भरपाई होती. त्या दिवशी मी थांबून “दादा, गाडी चुकली का? बसा, औषध मिळेल,” एवढे म्हटले असते, तर फार वेळ गेला नसता.

या रुग्णालयाला सढळ हाताने साहाय्य करणाऱ्या दात्यांचे आणि हितचिंतकांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या देणगीतून खाटा, यंत्रे आणि औषधे येतात. त्या खाटेपाशी थांबणारा माणूस मात्र आपल्यापैकीच कोणीतरी व्हायला हवा. येत्या वर्षात वाटेच्या बाजूने निघून जाण्याचा मोह आपणा सर्वांस टळो आणि थांबण्याची बुद्धी होवो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.