पाली पुण्यास परत कशी आली

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार या गावाहून लेण्याद्री फार दूर नाही. तेथे व जुन्नरभोवतालच्या इतर डोंगरांत, लेण्यांच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आढळतात. त्यांची लिपी ब्राह्मी व भाषा प्राकृत आहे. शिवनेरीवरील एका लेखात, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. मंडपास तेथे ‘मटप’ म्हटले आहे आणि दानास ‘देयधम’.

या भाषेची जवळची नातलग म्हणजे पाली. पालीत हाताला ‘हत्थ’ म्हणतात, सापाला ‘सप्प’ व आगीला ‘अग्गि’. मराठी कानाला हे शब्द परके वाटत नाहीत. बुद्धाची वचने पालीत जतन झाली. परंतु नवल असे की, आपल्या देशात पालीचे अध्ययन जवळजवळ लोप पावले आणि समुद्रापलीकडे सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, सयाम व कंबोडिया येथील विहारांत मात्र ते शतकानुशतके चालू राहिले. सिंहली सोडल्यास त्या देशांच्या बोलीभाषा पालीहून अगदी निराळ्या. तरीही तेथील भिक्षूंनी ही ठेव प्राणपणाने सांभाळली.

गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी तरुणपणीच बुद्धचरित्राने भारून गेले. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, या एकाच ध्यासाने त्यांनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले. जवळ पैसा नव्हता. काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पण पाली शिकविणारा गुरू काही भेटेना. अखेर १९०२ साली ते सिंहलद्वीपास गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी शिकू लागले. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

तेथे एक निराळीच अडचण होती. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या वाटोळ्या अक्षरांत, सयामात पूर्वी ख्मेर व नंतर थाई लिपीत. भाषा एक, वेष अनेक! ग्रंथ वाचावयाचा तर आधी त्या देशाची अक्षरे गिरवावी लागत. कोसंबींनी ती गिरविली.

स्वदेशी परतल्यावर त्यांना कलकत्त्यास पाली शिकविण्याचे काम मिळाले. पण या विद्येचा लाभ महाराष्ट्राला व्हावा, ही तळमळ त्यांना स्वस्थ बसू देईना. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी, महाराष्ट्रात राहिल्यास दरमहा ५० रुपये देऊ केले. कोसंबींनी त्याहून पुष्कळ अधिक वेतनावर पाणी सोडले. व्यवहाराच्या दृष्टीने हा सौदा आतबट्ट्याचाच! डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या साहाय्याने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले, आणि १९१२ ते १९१८ पर्यंत कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकविली. मध्यंतरी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठानेही ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांना बोलाविले होते. त्या ग्रंथाची तेथील आवृत्ती प्रसिद्ध झाली १९५० साली; ती पाहावयास कोसंबी हयात नव्हते. १९४७ मध्ये सेवाग्राम येथे त्यांचा देहान्त झाला होता.

फर्ग्युसनमधील त्यांचे एक शिष्य पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. गुरूने देशोदेशींच्या लिपी शिकल्या, तर शिष्याने चिनी भाषेच्या अभ्यासात लक्ष घातले. चिनी भाषांतरात टिकून राहिलेला ‘विमुत्तिमग्ग’ त्यांनी पाली ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिला, आणि ती तुलना १९३७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पालीचा स्वतंत्र विभाग आहे. ज्या देशांनी ही भाषा सांभाळली, त्या ब्रह्मदेश (आताचा म्यानमार) व थायलंड येथील भिक्षूही पुण्यास शिकावयास येतात. थायलंडमधील विद्यार्थी आपल्या भाषेत विद्यापीठास ‘महाविट्ठयालाय’ म्हणतो. त्यात आपला ‘महाविद्यालय’ हा शब्द सहज ओळखू येतो. ब्रह्मदेशातील विद्यार्थ्याचा शब्द आहे ‘तेक्कथो’. तो मात्र चटकन ओळखू येत नाही. त्याचे मूळ पालीतील ‘तक्कसिला’, म्हणजे आपली प्राचीन तक्षशिला.