जिथं मिस्त्री, तिथं मुक्काम

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली, की पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांना कोकणाचे वेध लागतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं मांडव्याला उतरायचं. अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांडा गाठायचा आणि फेरीबोटीनं दिघीला जायचं. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला खाड्या ओलांडायच्या. मग गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले आणि शेवटी तेरेखोलची खाडी उतरून गोवा. ही वाट आता इतकी रुळली आहे की निघण्याआधी प्रत्येकाकडे खानावळींची, घरगुती मुक्कामांची आणि फेरीबोटींच्या वेळांची यादी तयार असते.

या यादीत सहसा नसतं ते सायकलचं दुकान. काही मोडलं तर शोधू, असं म्हणून मंडळी निघतात. माझं म्हणणं उलट आहे. सायकलवरच्या सुट्टीत दुकान आधी शोधावं, काही मोडलेलं नसताना तिथं जावं, आणि शक्य असेल तर मुक्कामही त्याच गावात ठेवावा. गाडीची निगा राहते हे तर खरंच. पण ज्या गावातून आपण जातोय त्या गावाशी सायकलस्वाराची ओळख करून देणारी याहून चांगली जागा नाही.

कोकणातला रस्ता गाडीकडून देशावरच्या रस्त्यापेक्षा जास्त काम करून घेतो. तो खाडीपाशी तळाला उतरतो, पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो, आणि हे दिवसातून अनेकदा. उतारावर ब्रेकचे रबर झिजतात. चढावर साखळीवर आणि मागच्या चाकावर ताण येतो, त्यात मागच्या कॅरियरवर सामानाच्या पिशव्या असतात. खाऱ्या हवेत साखळीवर एका रात्रीत तांबूस थर धरतो. फेरीबोटीच्या डेकवर सायकल उभी असते तेव्हा खारं पाणी उडतं, ते थेट छर्ऱ्यांच्या खोबणीपर्यंत पोचतं. म्हणून इथं रोज संध्याकाळी साखळी पुसून तेल द्यावं लागतं, आणि वाटेत एकदा तरी जाणत्या माणसाच्या हाताखालून गाडी जावी लागते.

दुकान कुठं असेल हे जमीनच सांगते. सायकल सपाटीवर रुजते. अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड या किनाऱ्याच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून सपाट आळ्या आहेत. तिथं शाळकरी मुलांपासून वाडीवर जाणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत अनेकांकडे सायकल असते, आणि जिथं सायकल असते तिथं मिस्त्री असतो. सड्यावरच्या वाड्यांमधली माणसं पायी चालली, एसटीनं गेली, आता मोटारसायकलनं जातात. तिथं सायकलचं दुकान शोधण्यात अर्थ नाही. खाली उतरावं, बाजारपेठेत जावं, हायस्कूलच्या वाटेवर किंवा एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला पाहावं. पाटीवर बरेचदा फक्त ‘टू-व्हीलर पंक्चर’ लिहिलेलं असतं. आत भिंतीवर खिळ्याला चाकाची रिंग टांगलेली दिसली की जागा बरोबर.

विचारायचं कुणाला, हेही महत्त्वाचं. लॉजवाल्याकडे चारचाकी असते, त्याला माहीत असेलच असं नाही. रोज ज्याचं पोट सायकलवर चालतं त्याला विचारावं. गोव्यात पहाटे भोंपू वाजवत, मागे पावांची टोपली बांधून पोदेर येतो. त्याची सायकल एक दिवस बंद राहिली तर पाव शिळे होतात. ‘तुमची सायकल कोण दुरुस्त करतो?’ एवढा एक प्रश्न त्याला विचारला, की गावातल्या सर्वांत भरवशाच्या दुकानाचा पत्ता मिळतो. कोकणच्या बाजूला हाच प्रश्न पोस्टमनला किंवा शाळेच्या फाटकापाशी सायकल लावणाऱ्या मुलांना विचारावा.

दुकानात शिरल्यावर मालाकडे नीट पाहावं, कारण त्यात देशाच्या सायकलीचा इतिहास टांगलेला असतो. १९४९ मध्ये चेन्नईजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स सुरू झाली, १९५१ मध्ये सोनिपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात मुंजाल बंधूंची हीरो. १९८६ मध्ये हीरोची नोंद जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात झाली. या कारखान्यांनी आणि लुधियान्याच्या गल्ल्यांमधल्या असंख्य लहान कारखान्यांनी जी उभी काळी सायकल घडवली, तिची मापं पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनालाच, थांबला. पण त्या सायकलीचा कॉटर, पायडल, ब्रेकची सळी, छर्रे आणि फ्रीव्हील आजही श्रीवर्धनच्या बाजारात मागितलं तर डब्यातून निघेल. मापं बदलली नाहीत म्हणून लहान गावातलं दुकान थोड्या भांडवलावर टिकलं.

अडचण येते ती आपल्या नव्या गाड्यांची. मिस्त्रीकडे २८ इंची टायर असतो आणि आपल्या टायरवरही कधीकधी २८ लिहिलेलं असतं, म्हणून बसेल असं वाटतं. बसत नाही. उभ्या काळ्या सायकलीच्या २८ इंची रिंगचं बैठकीचं माप ६३५ मिलिमीटर, तर रोड आणि हायब्रिड सायकलींच्या ७००सी रिंगचं ६२२. मुलींच्या जुन्या २६ इंची सायकलींना ५९० आणि गिअरच्या माउंटन बाइकच्या २६ इंची रिंगला ५५९ लागतं. दोन्ही २६, पण एकाचा टायर दुसऱ्याला चालत नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३७-६२२ किंवा ५०-५५९ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा बैठकीचा. निघण्यापूर्वी आपला दुसरा आकडा पाठ करावा आणि दुकानात तोच सांगावा.

वॉलचंही तसंच. देशी ट्यूबला जुन्या पद्धतीचा वॉल असतो, आत पातळ रबराची वॉलट्यूब. मोटारसायकलला जाड वॉल असतो आणि महागड्या सायकलींना बारीक. जाड वॉल असेल तर रस्त्याकडेच्या कुठल्याही पंक्चरवाल्याच्या काँप्रेसरवर हवा भरता येते. बारीक वॉलला छोटा पितळी जोड लागतो, तो खिशात ठेवावा. रिंगच्या भोकाचं गणित एकाच दिशेनं सुटतं: बारीक वॉल मोठ्या भोकात वॉशर लावून चालवता येतो, पण बारीक भोकात जाड वॉल जात नाही. दुकानात ट्यूब असूनही आपल्याला ती वापरता येत नाही, असं त्यामुळे घडतं.

चांगल्या मिस्त्रीचं काम कसं असतं, ते मालवणात एकदा जवळून पाहायला मिळालं. देवगडकडून येताना एका उतारावर मागच्या चाकाचा आरा तुटला, तोही फ्रीव्हीलच्या बाजूचा. चाक डुलायला लागलं आणि ब्रेकला घासू लागलं. बाजारपेठेतल्या दुकानात एक वयस्क काका पाटावर बसले होते. ‘खंयसून इलास?’ एवढंच विचारून त्यांनी सायकल उलटी केली. आधी चाक फिरवलं आणि नुसतं पाहत राहिले. मग वैद्यानं नाडी पाहावी तसे एकेक आरा अंगठ्यानं छेडत गेले. ताणलेला आरा टणकन वाजतो, सैल आरा बोदा वाजतो. तुटलेल्या आऱ्याच्या शेजारचे दोन बोदे झाले होते.

आपल्या मापाचा आरा त्यांच्याकडे नव्हता, आणि आमच्या गाडीचा गिअरचा गट्टा काढायचं हत्यारही नव्हतं. त्यांनी डब्यातून एक लांब आरा काढला, डोक्याकडची बाजू पकडीनं तोडली आणि टोकाला दोन वळणं देऊन आकडा केला. गट्टा न काढता तो आकडा हबच्या भोकात अडकवला, दुसरं टोक रिंगच्या निपलमध्ये फिरवलं. मग आउट काढायला बसले. खडूचा तुकडा रिंगजवळ धरून चाक फिरवलं, की जिथं रिंग बाहेर आली आहे तिथं पांढरी रेघ उमटते. रेघ ज्या बाजूला, तिकडचे आरे पाव फेरा सैल, समोरचे पाव फेरा आवळ. पुन्हा खडू, पुन्हा पाव फेरा. रेघ लांबत गेली आणि शेवटी रिंगभर सारखी उमटली.

काम झाल्यावर काका म्हणाले, ‘ह्यो आरो पणजीपर्यंत जायत. थंय नवीन घाल, ह्येच्यार इसंबून पुढे जाव नको.’ पैसे किती, म्हणून विचारलं तर त्यांनी सांगितलेला आकडा फारच लहान होता. आग्रहानं जास्त दिले. आपलं काम कुठवर पुरेल हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, आणि दुकान पारखायची खूण हीच असं मला वाटतं.

ही खूण शहरातल्या चकचकीत दुकानालाही लागू पडते. महाराष्ट्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत लांब पल्ल्याची सायकल खूप वाढली. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीनं पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पार केली. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर सायकल चालवण्याच्या ब्रेव्हेंना आता लहान शहरांतूनही माणसं येतात. त्यांच्यामागोमाग नव्या धाटणीची दुकानं आली. तिथं माप घेऊन सीटची उंची ठरवतात, हायड्रॉलिक ब्रेकमधलं तेल बदलतात, सायकल खोक्यात बांधून देतात. निघण्याआधीचं ओव्हरऑइलिंग अशाच ठिकाणी करावं. तिथंही चांगला कारागीर आधी विचारतो: कुठं जाताय, सामान किती, चढ किती? तुम्ही सांगितलेल्या वाटेला नको असलेली वस्तू तो गळ्यात मारत नाही.

कोकणातल्या वाटेवर या दोन्ही जगांचा मेळ सायकलस्वारानंच घालायचा असतो. गावात जे मिळत नाही ते आपल्याजवळ असावं: आपल्या मापाच्या दोन ट्यूब, आपल्या लांबीचे चार-सहा आरे, साखळीचा जोड, ब्रेकचे रबर किंवा पॅड, गट्टा काढायचं हत्यार. सामान तुमचं आणि हात मिस्त्रीचा, अशी वाटणी झाली की सड्यावरची बहुतेक संकटं निभावतात. साखळी सहा, सात किंवा आठ गिअरची असेल तर पर्याय सापडतो. अकरा-बाराची असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणीही खात्री नाही. तारेचे ब्रेक असतील तर तार कुठंही मिळते. तेलाचे असतील तर मोटारसायकलचं ब्रेक ऑइल चुकूनही घालू देऊ नये. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, मोटारसायकलच्या तेलानं आतली रबरी सीलं खराब होतात. ‘ह्याला आम्ही हात लावत नाही’ म्हणणारा मिस्त्री त्या क्षणी तुमची गाडी वाचवत असतो.

दुकानात जायची वेळही सांभाळावी. कोकणात दुपारी बाजारपेठ झोपते. संध्याकाळी पाचनंतर गेलं तर मिस्त्रीला सवड असते, आणि गाडी रात्रभर ठेवायची झाली तरी चालते. आपली घाई त्याच्यावर लादू नये. शाळेतल्या मुलाची सायकल आधी आलेली असेल तर तिचं काम आधी होऊ द्यावं. त्या मुलाला सकाळी शाळा गाठायची आहे. तेवढ्या वेळात पुढच्या घाटाची, रस्ता कुठं उखडलाय याची आणि फेरी कुठल्या दिवशी बंद असते याची जी माहिती मिळते ती नकाशात नसते.

निघण्याआधी पुण्यात असाल तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय पाहून घ्यावं. जुन्या सायकली, त्यांचे दिवे, पंप आणि हत्यारं तिथं जपलेली आहेत. पान्हा आणि खडू घेऊन गावोगाव बसलेली ही माणसं केवढ्या मोठ्या परंपरेतली आहेत, ते तिथं कळतं.

ही परंपरा आज अडचणीत आहे. पूर्वी तासाच्या भाड्यानं सायकली देणं हा दुकानाचा कणा होता. घरोघरी मोटारसायकल आली आणि तो मोडला. पुष्कळ मिस्त्री आता मोटारसायकलच्या पंक्चरवर दिवस काढतात. त्यांची मुलं या धंद्यात येत नाहीत, आणि नुसता आवाज ऐकून चाक सरळ करणारे हात नव्यानं तयार होणं कठीण होत चाललं आहे. दर हिवाळ्यात कोकणातून जाणारे आपण सायकलस्वार इथं खरा फरक पाडू शकतो. वाटेतल्या प्रत्येक मोठ्या गावात दुकानात थांबावं, साखळी पाहायला सांगावी, ब्रेक आवळून घ्यावेत, शहरात देतो तेवढीच मजुरी द्यावी आणि मागून येणाऱ्यांना त्या दुकानाचा पत्ता सांगावा. फेरीबोटींच्या वेळा जितक्या काटेकोरपणे आपण एकमेकांना कळवतो, तितक्याच काटेकोरपणे मिस्त्रींचे पत्ते कळवले, तर पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलाला हा धंदा करण्याजोगा वाटेल. किनाऱ्याची ही वाट सायकलस्वारांसाठी खुली राहायची असेल, तर वाटेवरची ही दुकानंही उघडी राहायला हवीत.