लॅबची भूक आणि आंब्याची कोय

मे महिन्यातल्या रविवारी नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरांत रसाचं जेवण आटोपतं, पिळून पांढुरक्या झालेल्या कोयी एका ताटलीत जमतात, आणि ती ताटली मोरीपर्यंत पोचायच्या आत घरातला लॅब्रॅडोर तिच्यापर्यंत पोचतो. चघळणं वगैरे काही नाही. मान वर, एक हिसका, आणि कोय नाहीशी. ‘सोड, सोड’ करत आपण मागे धावलो, तर तो आणखी घाईनं गिळतो, कारण धावत येणारा माणूस त्याच्या लेखी घासातला वाटेकरी असतो.

अशा कुत्र्याला हावरट म्हणून आपण मोकळे होतो. मला तो शब्द त्याच्यावर अन्याय करणारा वाटतो. त्याच्या तोंडापासून जठरापर्यंतची घडण पाहिली आणि मेंदूतला भुकेचा हिशेब पाहिला, की खोड कुठे संपते आणि शरीर कुठे सुरू होतं हे सांगणं अवघड होऊन बसतं.

लांडग्याला शिकार रोज मिळत नाही. मिळाली की सगळा कळप एकदम तुटून पडतो आणि एकेक जण एका बैठकीत आठ-नऊ किलो मांस पोटात घालू शकतो. तिथे चावत बसणारा उपाशी राहतो. कुत्र्याला हाच जबडा वारशात मिळाला. तो आपल्यासारखा आडवा फिरत नाही, कात्रीसारखा वरखाली चालतो. घास गिळण्याजोगा झाला की दातांचं काम संपलं. अन्ननलिकेला वरपासून खालपर्यंत हातापायांत असतात तसे ताकदवान पट्टेरी स्नायू आहेत आणि जठर भरपूर ताणलं जातं. जिभेवर रुचिकलिका सुमारे सतराशे, माणसाच्या नऊ हजारांच्या आसपास. काय खायचं ते नाक ठरवतं.

माणसाच्या वस्तीला आल्यावर त्याचं पोटही बदललं. उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन यांच्या गटानं २०१३ मध्ये दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात, तर कुत्र्यांत ४ ते ३०. आपली पोळी आणि भात त्याला पचतो तो असा. कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर वेगवेगळं खाणं ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांचा एक साधा नियम हाती लागला: मांसाचा वास आला की आधी ते उचलायचं. कचऱ्यावर जगणाऱ्याला हा नियम तारतो. पण सावजी मटणाची हाडं पॉलिथिनमध्ये गाठ मारून आपण कोपऱ्यावर टाकली, की पिशवीलाही मांसाचाच वास येतो. मग हाडाबरोबर पिशवीही पोटात जाते. पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. ढिगाऱ्यात त्या अजून दिसतात.

आता लॅब्रॅडोर. केंब्रिज विद्यापीठातल्या पशुवैद्य एलेनॉर रॅफन यांना प्रश्न पडला, की इतर जातींपेक्षा हाच कुत्रा इतका खाण्यामागे का असतो. २०१६ मध्ये उत्तराचा मोठा भाग सापडला. ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातली १४ अक्षरं काही लॅब्रॅडोरमध्ये गळालेली आहेत. या जनुकापासून मेंदूत असे रेणू तयार होतात, जे ‘शरीरात साठा पुरेसा आहे, भूक आवर’ असा निरोप देतात. अक्षरं गळाली की त्यातले दोन रेणू नीट बनत नाहीत आणि निरोप अर्धवट पोचतो. साधारण दर चार लॅब्रॅडोरमागे एकात हा दोष असतो, आणि त्याच्या प्रत्येक प्रतीमागे वजन सरासरी दोन किलोंनी जास्त भरतं. अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी शिकवलेल्या ज्या लॅब्रॅडोरांची तपासणी झाली, त्यांच्यात तर तीनचतुर्थांश कुत्र्यांमध्ये तो निघाला. खाऊच्या लालचीनं चटकन शिकणारी पिल्लं निवडता निवडता माणसानं नकळत हा दोषच निवडला असावा.

रॅफन यांच्या गटानं २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला अधिक हलवून गेला. कुत्र्यांना दर वीस मिनिटांनी डबाभर खाणं दिलं, ती स्वतःहून थांबेपर्यंत. दोष असलेली आणि नसलेली, दोन्ही कुत्री जवळपास सारखंच जेवली. म्हणजे ताटावर बसल्यावरची भूक सारखीच होती. मग वेगळ्या दिवशी, जेवणानंतर काही तासांनी, पारदर्शक पेटीत एक सॉसेज ठेवलं. दिसतंय, वास येतोय, मिळत नाही. दोष असलेली कुत्री त्या पेटीला कितीतरी जास्त वेळ चिकटून राहिली. जेवण होऊन काही तास उलटले, की त्यांना पुन्हा भूक छळते. त्यातच ती शांत पडलेली असताना सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. खायची ओढ जास्त आणि खर्च कमी, अशा दुहेरी पेचात ती जन्मभर असतात.

त्रिमूर्ती नगरच्या बाजूला संध्याकाळी फिरायला निघालेले लॅब पाहिले, की कित्येकांची पाठ पाटासारखी रुंद दिसते. मालक मोजूनच देतो. पण आजी पोळीचा पदर देते, नातू ग्लुकोज बिस्किट देतो, आणि हे ‘थोडंसंच’ कुणाच्या हिशेबात येत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांच्यावर १४ वर्षं नजर ठेवली गेली. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणं मिळालं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. कुत्र्याच्या आयुष्यात जवळपास दोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

गिळलेल्या कोयीचं पुढे काय होतं? जठर ऐसपैस असतं, त्याचं आतड्याकडचं दार अरुंद. कोय आत लोळत राहते. दाराशी आली की उलट्या, बाजूला सरकली की कुत्रं पुन्हा खेळायला लागतं, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं. ती दार ओलांडून आतड्यात रुतली, तर रक्तपुरवठा तुटून आतडं मरू लागतं. पावसाळ्यात चौकातल्या भुट्ट्याचं दाणे संपलेलं कणीसही असंच अडकतं. ते पचत नाही. सर्वांत कपटी म्हणजे दोरा. त्याचं एक टोक अडकतं, आतडं पुढे सरकत राहतं, नाडीवर चुण्या पडाव्यात तसं त्यावर गोळा होतं, आणि ताणलेला दोरा आतड्याच्या भिंती कापत जातो. संक्रांतीनंतर गच्चीवर पडलेला मांजा म्हणूनच लगेच गोळा करायला हवा.

न निवडता गिळणारा प्राणी एकटा कुत्राच आहे असं नाही. २०२३ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या सारसी गावात म्हशीनं चाऱ्याच्या ताटातलं मंगळसूत्र गिळलं होतं. दोन तासांची शस्त्रक्रिया आणि साठावर टाके घालून ते निघालं.

काही वस्तू अडकत नाहीत, त्या विष होतात. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन निम्मं उतरायला कुत्र्याच्या शरीराला १७-१८ तास लागतात. गडद चॉकलेटमध्ये ते जास्त असतं, म्हणून ते जास्त घातक. मनुके आणि द्राक्षं मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं २०२१ मध्ये अमेरिकी विषतज्ज्ञांनी मांडलं. चिंचेतही ते भरपूर असतं. कांदा-लसणानं तांबड्या पेशी फुटतात, तर साखरविरहित च्युइंगममधल्या झायलिटॉलनं रक्तातली साखर कोसळते. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यानं गपागप खाल्लं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि ओकाऱ्या येऊनही काही पडत नसेल, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट पाहायची नसते. हातात काही तासच असतात.

घरगुती उपायांत मिठाचं पाणी पाजणं सर्वांत वाईट, त्यानं सोडियमची विषबाधा होते. गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. वेळेत नेलं, तर डॉक्टर इंजेक्शननं उलटी करवू शकतात किंवा दुर्बिणीनं वस्तू काढू शकतात. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली मोठी सोय. पण एक्स-रेत धातू आणि हाड स्वच्छ दिसतं. कोय, कापड, प्लॅस्टिक बरेचदा दिसत नाही. सोनोग्राफीचा उपयोग होतो, तरी डॉक्टरांचा पहिला प्रश्न घरच्यांनाच असतो: काय गिळलं, आणि कधी? म्हणून निघताना उरलेला एक मोजा, चॉकलेटचं वेष्टन, जे हाती लागेल ते सोबत घ्या. आणि ज्यानं रस काढला त्याला विचारा, आंबे किती होते, आणि ताटलीतल्या कोयी मोजा.