डब्यातला राजमा: सत्त्व किती, मीठ किती?

परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा आम्हाला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "डब्यातल्या राजम्यात काही सत्त्व उरतं का हो?" शंका येते ती बहुधा लेबलं वाचून. कोरड्या राजम्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात आणि डब्यावर जेमतेम ६ ते ८. पण डब्यातला दाणा पाणी पिऊन फुगलेला असतो. घरी शिजवलेला राजमा तोलून पाहा, १०० ग्रॅमला साधारण तेवढीच प्रथिनं भरतील. तंतूही चांगले टिकतात, लोहही बहुतेक राहतं. उष्णतेनं फोलेटसारखी जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण ती आपल्या कुकरमध्येही होतातच की!

कारखान्यात भिजवलेला दाणा मिठाच्या पाण्यासकट डब्यात बंद करतात आणि मग डबाच वाफेच्या दाबाखाली सुमारे १२० अंशांना तापवतात. म्हणजे राजमा शिजतो तो डब्याच्या पोटातच. दाण्यातून जे सुटतं ते त्या पाण्यात उतरतं. आता पुरणाचा कट आपण कधी ओतून देत नाही, त्याची आमटी करतो. मग इथलं पाणी का फेकायचं? मिठामुळे! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि अशा अख्ख्या डब्यात त्यातलं बरंच संपून जातं. पाणी गाळून दाणे नळाखाली धुतले, तर सोडियम सुमारे ४० टक्क्यांनी उतरतं. थोडं पोटॅशियम, थोडं फोलेट त्याबरोबर जातं, पण घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर हा सौदा आम्हाला फायद्याचाच वाटतो. मीठ न घातलेला डबा मिळाला तर प्रश्नच मिटला.

खरी काळजी घ्यायची ती कोरड्या राजम्याची. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. ते उकळीनं नष्ट होतं, कोमट शिजवण्यानं नाही. उलट ८० अंशांच्या आसपास ठेवलेला अर्धकच्चा दाणा कच्च्याहून जास्त त्रास देऊ शकतो. म्हणून मुलांच्या खोलीवर स्लो कुकर असेल, तर त्यांना निक्षून सांगा: राजमा किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, आणि आधी ३० मिनिटं खळखळून उकळायचा. आपल्या प्रेशर कुकरला ही भीती नाही. डबाबंद राजमा तर मुळातच पुरता शिजलेला असतो, धुऊन थेट कोशिंबिरीत घातला तरी चालतो.